आवाजाचा धुरा

प्रेमिलाच्या मनात तिळभरही शंका नव्हती. घरात जितकी म्हणून शंका होती, ती सगळी तिच्या बापाने आपल्याकडे घेतली होती, आणि पोळ्याच्या सकाळी टेम्पोत बसल्यापासून चंपतराव ती मोठ्याने बोलून दाखवत होते.

"भोंगा आन मशीन, दोन वस्तू," ते म्हणाले. "बावीस वर्सं झाले धंद्याले. कोनाचं लगन अडलं नाही का बारसं अडलं नाही. आता हे तिसरं काहून पाहिजे?"

"लगन नाही अडलं बाबा. मामाजी अडले," प्रेमिला म्हणाली आणि मांडीवरचा पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला, कारण शहरातलं सक्करदरा मागे पडल्यावर मामांच्या हुडकेश्वर गावापर्यंत रस्ता नावालाच होता. मागे स्पीकरची दोन लाकडी खोकी, आवाज वाढवणारी दोन मशीन आणि तो बावीस वर्षांचा भोंगा एकमेकांवर आपटत होते.

शहरातल्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत 'चंपतराव साउंड सर्व्हिस' होती. एक फळी, एक बाकडं आणि छताला टांगलेले भोंगे, एवढंच दुकान. चंपतरावांची ही एकुलती पोरगी. तिने आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला, वर्गात ती एकटी मुलगी, आणि पहिली आली. नोकरी लागायची तेव्हा लागेल म्हणून बापाच्या बाकड्यावर बसली ती तिथलीच झाली. बापाचं निम्मं लक्ष तिच्या लग्नाकडे असायचं. तिचं सगळं लक्ष त्या डब्याकडे.

आणि डब्याकडे लक्ष जायला कारण घडलं ते तिच्या मामाचं. वामनराव तिचे सख्खे मामा, हुडकेश्वरचे शेतकरी, आणि पोळ्याच्या झडत्यांसाठी पंचक्रोशीत नाव असलेला माणूस. आता झडत्या ज्याने ऐकल्या नाहीत त्याला काय सांगावं! पोळ्याच्या संध्याकाळी आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावच्या बैलजोड्या रांगेने उभ्या करतात, आणि मग एकाने दुसऱ्याची चार ओळींत खुलेआम खेचायची, जुळवून जुळवून, आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे परतफेड करायची. राग धरायचा नाही. हुडकेश्वरात ही जुगलबंदी तीस वर्षं वामनराव आणि नानाजी यांच्यात चालली होती. दोघांची वावरं शेजारी, बाकी दिवस एकाच चिलमीवर बसणारे, पण तोरणाखाली एकमेकांची अब्रू धुवून काढत. गाव पोट धरून हसायचं.

मागच्या वर्षी चैत्रात मामांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाजाचा वरचा भाग गाठीबरोबर गेला. उरला तो खाली, जाडाभरडा, घोगरा. चार हातांवर बसलं तर नीट कळायचं. पण त्या सालच्या पोळ्याला मामा माइकपुढे उभे राहिले आणि चंपतरावांच्या भोंग्यातून जे बाहेर आलं त्याला बोलणं कोणी म्हणणार नाही. नुसती खरखर. भोंग्याला मुळात जाड आवाज काढताच येत नाही, आणि मामांजवळ तर जाडच उरला होता! लोकांनी दयेपोटी टाळ्या वाजवल्या. नानाजी पुढे आले, त्यांनी उत्तराची झडती म्हटलीच नाही. गुपचूप हात जोडले आणि आपल्या बैलांकडे गेले.

बस, तेवढंच झालं. पण मामा ते विसरेनात. वर्षभराने आषाढात दुकानात येऊन बसले आणि प्रेमिलाला म्हणाले, "त्यानं मले हात जोडले वं. मेल्या मानसाले लोक हात जोडतात. मी मेलो काय?" आणि थोड्या वेळाने, "या सालीही त्यानं हात जोडले, त मंग मी तोरणाखाली पाय नाही ठेवत. बैल गड्यासंगं धाडून देईन."

प्रेमिलाला रडूच आलं होतं, पण ती रडणाऱ्यातली नव्हे. तिने त्याच आठवड्यात सीताबर्डीवरून सुटे भाग आणले.

डबा काय करतो ते तिने मामांना शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं. माइकमधून आवाज एकच येतो. तो मशीनमध्ये जायच्या आधीच हा डबा त्याच्या दोन वाटण्या करतो. जाड आवाज एका मशीनला, तिथून मोठ्या खोक्यातल्या कागदी स्पीकरला. बारीक आवाज दुसऱ्या मशीनला, तिथून भोंग्याला. ज्याला जे झेपतं ते त्याने करायचं. "आन दोघाच्या मंधात धुरा कुठं घालायचा," असं म्हणून तिने डब्यावरचं काळं बटन दाखवलं, "ते याच्यानं ठरते. इकडं फिरवलं का धुरा खाली सरकते, तिकडं फिरवलं का वर."

"धुऱ्यापायी त लोकं कोर्टात जातात," मामा म्हणाले. वावरांच्या मधला बांध म्हणजे धुरा, आणि तो सरकवण्यावरून हुडकेश्वरात कोणाचं काय फाटलं हे त्यांना पाठ होतं. "नीट मोजून घालजो."

तिने मोजूनच घातला होता. आयटीआयच्या सरांकडून मोजायचं मशीन मागून आणून, मीटर लावून बटनाभोवती आकडे मांडले, आणि धुरा ठेवला बरोबर पाचशे हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला पाचशे कंपनांवर. शिकवताना सरांनी हाच आकडा सांगितला होता, पुस्तकातही हाच. बटन हलू नये म्हणून तिने त्याच्या बुडाला लाल नखपॉलिश लावून पक्कं करून टाकलं. इतकी खात्री!

हुडकेश्वरला पोचले तेव्हा दहा वाजले होते. मारुतीच्या पारापाशी दोन्ही खोकी मांडली, तारा जोडल्या, आणि देवकीमामीने चहाला हाक मारली म्हणून प्रेमिला घरात गेली. वीस मिनिटं. तेवढ्यात बापाने घोळ घातला.

बाहेर आली तो चंपतराव माइकपुढे उभे. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!"

खोक्यांतून आवाज आला, पण तो माणसाचा नव्हता. रांजणात तोंड घालून कोणी हंबरावं तसं. शब्दाचं नाक नाही की डोळे नाहीत. आणि तिकडे दीडशे पावलांवर, वेशीजवळच्या कडुलिंबाखाली उभे असलेले सरपंच मनोहरराव ओरडले, "अरे चंपतभाऊ! हे काय उंदरं कुरतडून राहिले काय भोंग्यात? नुसतं च-च, त-त, स-स!"

"पाह्य!" चंपतराव लेकीकडे वळून म्हणाले. चेहऱ्यावर दुःख आणि समाधान दोन्ही होतं. "म्हनलं होतं ना मी? चांगला भला आवाज तोडून टाकला तू."

 प्रेमिलाने आधी तार बघितली. खोक्यांपासून निघालेली तार घराघरांच्या वळचणीवरून गेली होती आणि थेट लिंबाच्या शेंड्यावर चढली होती. वर भोंगा. बाप नेहमीच्या सवयीने तो तिथे बांधून आला होता.

"बाबा!" ती असं ओरडली की मामांच्या दारातले बैल दचकले. "भोंगा झाडावर काहून चढवला?"

"मंग कुठं बांधते? बावीस वर्सं लिंबावरच बांधतो."

"तेव्हा तो एकटा होता! आता त्याच्यापाशी अर्धाच आवाज आहे. शब्दाचं धड पारापाशी ठेवलं, आन मुंडकं लिंबावर टांगलं तुम्ही! लोकायनं कोनतं ऐकाचं?"

माणसं जमली. मनोहररावही आले, आणि त्यांनी सरळ चंपतरावांची बाजू घेतली. भोंगा उंचावर हवा. शेजारचं बेसा गाव इथून हाकेवर, बेस्याचा भोंगा दर पोळ्याला इकडे ऐकू येतो, मग आपला तिकडे नको? बेस्याला आवाज गेला नाही तर तो पोळा कसला! लोकांनी माना हलवल्या. एकजण हळूच म्हणालाही की पोरीच्या जातीने मशीनला हात लावला की असंच व्हायचं. प्रेमिलाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागच्या रांगेत गेला.

"सरपंचजी," ती म्हणाली, "बेस्याले काय ऐकवाचं आहे? मामाजी काय बेस्यासाठी बोलून राहिले? ते नानाजीसाठी बोलून राहिले. नानाजी इथं उभे राहतीन, पारापासून वीस पावलं. त्याहिले ऐकू आलं पाहिजे. आन पोळा सुटल्यावर तुम्ही भोंगा पाहिजे त मारुतीच्या कळसावर बांधा, मी तार पुरवते!"

कोणी हसलं. चंपतराव हसले नाहीत. लेक चारचौघांत बोलली याचा त्यांना राग आला होता आणि तो त्यांच्या मानेवर दिसत होता. ते काहीतरी कडक बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर पारासमोरच्या मामांच्या दारात गेली. वामनराव तिथे उकिडवे बसून बैलाच्या शिंगाला गेरू लावत होते. इतका गलका चालला होता आणि त्या माणसाने मान वर केली नव्हती. मागच्या वर्षी खरखर झाली तेव्हा भोंगा कोणाचा होता, हे वामनरावांनी एकदाही काढलं नव्हतं. चंपतरावांना तेच आत कुठेतरी लागलं असावं. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, दुखरे गुडघे घेऊन लिंबावर चढले, आणि भोंगा सोडून खाली आणला.  येऊन खोक्यावर ठेवला आणि विचारलं, "असा? का आडवा?"

"असाच बाबा. तोंड रांगेकडं."

आता दोन्ही वाटण्या एका जागी आल्या. प्रेमिलाने मामांना माइकपुढे उभं केलं. पण झडती म्हणून दाखवायला मामा तयार होईनात. ती तोरणाखालीच फुटायची, आधी कोणाला ऐकवायची नाही. बायकोलासुद्धा ऐकवलेली नव्हती.

"मंग मामीवर ओरडा," प्रेमिला म्हणाली.

"काय म्हनून?"

"तीस वर्सांचा संसार आहे. काहीतरी सापडन."

मामांनी घसा खाकरला. "देवके! पुरनाच्या पोळ्या झाल्या काय?"

ऐकू आलं. मागच्या पोळ्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण प्रेमिलाच्या कपाळाला आठी पडली. आवाज जागेवर राहत नव्हता. एकाच शब्दाची सुरुवात खोक्यात, शेवट भोंग्यात, आणि मधोमध एक कर्कश किरकिर. जणू दोन माणसं मिळून एक वाक्य बोलत होती आणि दोघांचं पटत नव्हतं. तिने पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा तेच.

आणि मग तिला उमगलं, आणि उमगलं तेव्हा स्वतःचाच राग आला. पाचशे हा आकडा सरांचा होता, धडधाकट गळ्याचा होता. मामांच्या गळ्यात जेवढा म्हणून आवाज शिल्लक होता त्याच्या अगदी मधून तिचा धुरा जात होता. माणसाचं उभं घर कापून धुरा घातला होता तिने! मीटरने मोजला, पण ज्याच्यासाठी मोजला त्याला एकदा बोलवून विचारलं नाही.

केसातली पिन काढून तिने ते लाल नखपॉलिश खरवडायला घेतलं. चंपतराव बघत होते. त्यांना हसायची उत्तम संधी होती. पण त्यांनी खिशातला छोटा पेचकस काढून तिच्यापुढे धरला.

"पिनेनं नाही निघत. हे घे."

बटन सुटलं. "बोला मामाजी. थांबू नका."

मामा बोलत राहिले. पोळ्या, बैलाची झूल, मागच्या महिन्यात हरवलेला लोटा, जे सुचेल ते. प्रेमिलाने धुरा वर सरकवायला सुरुवात केली. आठशे. किरकिर कमी झाली. हजार. आवाज खोक्यात उतरला, पसरला, त्याला अंग आलं. ती हावरटासारखी पुढे गेली, दोन हजारपर्यंत, तर अक्षरं लडबडली, च आणि स एकसारखेच वाटायला लागले, कारण मोठ्या कागदाला इतकं बारीक काम जमत नाही. मग परत मागे. दीड हजार. चौदाशे. बाराशेच्या जरा वर आली आणि तिचा हात आपोआप थांबला. सगळाच्या सगळा घोगरा गळा खोक्यातून येत होता, कुठे न चिरता, आणि भोंगा फक्त अक्षरांच्या कडा घासून देत होता. तिने भोंग्याचं मशीन चिमूटभर कमी केलं.

"देवके," मामा म्हणाले, "मागच्या सालासारख्या पातळ केल्या असशील पोळ्या, त मी नानाजीच्या घरी जेवाले जातो!"

"जा ना जी! कोनं अडवलं?" घराच्या पार मागून, स्वयंपाकघरातून, मामीचं खणखणीत उत्तर आलं. "तिथं त मीठही नसते!"

जमलेले लोक खो खो हसले. मामा हसले नाहीत. ते खोक्याकडे बघत राहिले. "पोरी," ते माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "हा माहाच आवाज आहे काय वं?"

"तुमचाच. मी काही घातलं नाही त्यात."

चार वाजता घुंगरं वाजायला लागली. जोड्या आल्या, रंगवलेली शिंगं, बेगड, पाठीवर झुली. बघता बघता तोरणाखालून रांग पार लिंबापर्यंत गेली. नानाजी आपली गवळाऊ जातीची जोडी घेऊन समोर उभे राहिले; उंच, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला नवा पटका. वामनरावांना माइककडे जाताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. प्रेमिलाला स्पष्ट दिसलं, नानाजींचे हात जोडायला आत्तापासूनच एकमेकांजवळ आले होते.

थांबा, बुढे बाबा, ती मनात म्हणाली. जरा ऐका त!

मामांनी एकदा आपल्या बैलांच्या पाठीवर हात फिरवला, माइक हातात घेतला आणि सुरू केलं.

"वावर रे वावर, नानाजीचं वावर,
पेरली ज्वारी आन म्हने देवा आवर!"

रांगेत खसखस पिकली. लिंबाखालच्या शेवटच्या जोडीपाशीही, त्याच वेळेला.

"ज्वारी गेली रुसून, उगवला कुंदा,
बैल पुसते मालकाले, हाच काय तुहा धंदा?"

कुंदा म्हणजे काळ्या जमिनीतलं हट्टी गवत, ते नानाजींच्या वावरात यंदा कमरेइतकं माजलं होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. असा हशा उठला की बैलांनी माना हलवल्या. मनोहरराव तर डोळे पुसत होते.

नानाजी हसले नाहीत. त्यांचे हात सुटले आणि दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. ते खोक्याकडे बघत होते, मग वामनरावांकडे, मग परत खोक्याकडे. हशा ओसरला. गाव थांबलं. आता मात्र प्रेमिलाने डब्यावरचा हात काढला. ऐकू आलं होतं, यात वादच नव्हता. पण ऐकूनही त्यांनी दयाच करायची ठरवली तर? दयेला फिरवायचं बटन तिच्या डब्यावर नव्हतं. चंपतरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नानाजींनी कासरा शेजाऱ्याच्या हातात दिला. ढांगा टाकत पारापाशी आले. वामनरावांच्या अगदी तोंडासमोर उभे राहिले आणि माइक त्यांच्या हातातून हिसकून घेतला.

"बेंडूक रे बेंडूक, हिरीतला बेंडूक,
बोलाले लागते त्याले विजेची संदूक!
कुंदा माह्या वावरात, गोष्ट आहे खरी,
पन याच्या बैलापरीस माही शेळी बरी!"

वर लिंबावरचे कावळे उडाले इतकं गाव ओरडलं. आजारी माणसाच्या गळ्यावर, ऑपरेशनवर, घोगऱ्या आवाजावर नानाजींनी भर तोरणाखाली हात घातला होता, काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. मनोहरराव "अरे अरे" करत पुढे झाले.

वामनरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलं होतं. त्यांनी मनोहररावांना कोपराने बाजूला सारलं.

"ऐकलं काय गा सगळ्यायनं!" ते माइकशिवायच, उरल्यासुरल्या गळ्याने ओरडले. "त्यानं मले बेंडूक म्हनलं! चंपतभाऊ, त्याच्यापासून माइक घे. प्रेमिला, वाढव आवाज. आता पाहतो मी याले!"